हिराबाई बडोदेकर आणि संगीत रंगभूमीवरील स्त्रीचे स्थान

(मेहकर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि पंचायत समितीचे अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावात येऊन कलेविषयी बोलावयाचे, तर कंचनीच्या महालाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याची कथा घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. एका नर्तकीने येथे उंच महाल बांधला, लोणारच्या देवीचा दिवा त्याच्या माथ्यावरून पाहण्याची तिला आस होती, आणि अखेर तिच्या वाट्याला शाप आला, असे सांगणारे सांगतात. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, शाप मात्र कोणी गाळीत नाही. मेहकरचे थोर कवी ना. घ. देशपांडे यांनाही या वास्तूने मोह घातला आणि 'कंचनीचा महाल' या नावाने त्यांचे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले.

या कथेतील एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. कंचनी हे त्या स्त्रीचे नाव नव्हेच. मोगल काळात नृत्यगायनावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांच्या एका वर्गाला कंचनी म्हणत. म्हणजे जिच्यामुळे हा महाल ओळखला जातो, तिचे स्वतःचे नाव लोकांनी जपले नाही. जपला तो तिचा व्यवसाय आणि तिला मिळालेली शिक्षा. कलावंत स्त्रीकडे आपला समाज शतकानुशतके कोणत्या दृष्टीने पाहत आला, हे समजण्यास याहून दूर जावयास नको.

आज मी ज्या अभिनेत्रीविषयी बोलणार आहे, तिने हे चित्र पालटण्यासाठी आपले आयुष्य वेचले. श्रीमती हिराबाई बडोदेकर हे नाव गायिका म्हणून आपणांस परिचित आहे. परंतु मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीची भूमिका स्त्रीने मानाने करावी, यासाठी त्यांनी नाटक मंडळी काढली, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते.

स्त्रियांवाचून स्त्रीपात्रे

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. १८८२ साली 'सौभद्र' आले. शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी या नायिकांच्या मुखी सुंदर पदे होती. परंतु ती गाणारे पुरुष होते. भाऊराव कोल्हटकरांनी आणि पुढे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका अशा काही उंचीवर नेल्या की, घरंदाज स्त्रिया बालगंधर्वांच्या लुगड्याची आणि दागिन्यांची तऱ्हा उचलू लागल्या. त्या नटश्रेष्ठांचे ऋण मराठी मनावर कायम राहील. तथापि, स्त्रीने कसे बसावे, कसे रुसावे, कसे गावे, हे प्रेक्षागृहातील स्त्रीला एक पुरुष शिकवीत होता आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नव्हते, ही वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे.

त्या काळी रंगभूमीवर स्त्रिया अजिबात नव्हत्या, असे मात्र नाही. बेळगाव, सातारा अशा ठिकाणच्या केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या. त्यांत राजा, विदूषक, राक्षस अशी पुरुषपात्रेही स्त्रियाच करीत. कमलाबाई गोखले यांनी १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात काम केले आणि नाटकांतूनही नाव मिळविले. या स्त्रियांना टाळ्या मिळत. प्रतिष्ठा मिळणे कठीण होते. नाटकात काम करणारी बाई म्हटली की समाज तिला आधीच एका पंक्तीत बसवून मोकळा होई.

एका घराची कहाणी

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरज येथे झाला. वडील किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि आई बडोद्याच्या सरदार घराण्यातील ताराबाई माने. मुलीचे पाळण्यातील नाव चंपाकली. पुढे आईवडील विभक्त झाले. ताराबाईंनी पाचही मुलांना घेऊन स्वतंत्र संसार मांडला आणि मुलांची नावे नव्याने ठेविली. चंपाकलीची हिरा झाली. थोरल्या बंधूंचे सुरेशबाबू माने, भगिनींची कमलाबाई आणि सरस्वतीबाई अशी नावे झाली. आडनाव आईच्या गावावरून आले : बडोदेकर.

एकट्या स्त्रीने पाच मुले वाढवायची आणि त्यांना विद्या द्यायची, ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. हिराबाईंना तालीम मिळाली ती मुख्यतः उस्ताद अब्दुल वहीद खाँ आणि बंधू सुरेशबाबू यांच्याकडून. १९२१ च्या सुमारास मुंबईस पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या समारंभात ही सोळा वर्षांची मुलगी गायली आणि जाणकारांचे लक्ष तिच्याकडे गेले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते आज अगदी साधे वाटेल. त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. तोवर गाणारी स्त्री बहुधा कोणा धनिकाच्या दिवाणखान्यात गाई. ऐकणारे मोजके आणि आश्रयदाता एक. आश्रयदात्याच्या मर्जीवर तिचे पोट आणि तिची अब्रू अवलंबून असे. तिकिटाने हा संबंध बदलला. चार आणे मोजणारा आणि पाच रुपये मोजणारा, दोघेही श्रोते झाले. मालक कोणीच उरला नाही. साधे पातळ, लांब बाह्यांचे पोलके, हातवारे नाहीत, नखरे नाहीत. शांतपणे बसून गाणाऱ्या हिराबाईंना पाहण्यास गृहस्थ आपल्या पत्नीला व मुलींना घेऊन येऊ लागले. प्रतिष्ठा ही अशी, एकेका मैफलीने मिळविलेली होती.

नूतन संगीताची नाट्यशाखा

पुण्यात या कुटुंबाने नूतन संगीत विद्यालय चालविले होते. त्याच विद्यालयाची नाट्यशाखा १९२९ साली उभी राहिली. 'सौभद्र' रंगमंचावर आले आणि त्यात सुभद्रेचे काम स्वतः हिराबाईंनी केले. स्त्रीपात्रे स्त्रिया आणि पुरुषपात्रे पुरुष करीत होते. 'पुण्यप्रभाव', 'साध्वी मीराबाई' अशी नाटकेही मंडळीने केली.

या प्रयोगातील अडचणी केवळ सामाजिक नव्हत्या. संगीत नाटकाचा सारा साज पुरुषी गळ्याभोवती बेतलेला होता. पुरुष गायक साधारणतः काळी एकच्या पट्टीत गातो, तर स्त्रीचा गळा काळी चारच्या आसपास खुलतो. नायक व नायिका दोघेही पुरुष असताना ऑर्गनवाल्याला एक पट्टी पुरे. स्त्री आली की पदागणिक पट्टी बदलणे आले, आणि दोघांच्या संवादगीतात कोणी तरी एकाने आपला गळा आवरता घेणे आले. बालगंधर्वांच्या गायकीने कान घडलेल्या प्रेक्षकाला सुभद्रा निराळ्या आवाजात ऐकण्याची सवय लावावयाची होती. हिराबाईंनी नक्कल केली नाही. किराणा घराण्याचा संथ, सुरेल आणि भावपूर्ण स्वरविलास त्यांनी नाट्यपदांत आणला. खऱ्या स्त्रीच्या कंठातून आलेली सुभद्रेची व्याकुळता हा प्रेक्षकांना नवा अनुभव होता.

नाटक रात्री उशिरा सुरू होई व पहाटेपर्यंत चाले. मंडळी गावोगाव बिऱ्हाडे हलवी. अशा जीवनक्रमात तरुण मुलींनी राहावयाचे, तर त्यांना संरक्षण हवे. येथे सारे कुटुंबच मंडळीत होते : आई ताराबाई, बंधू सुरेशबाबू, भगिनी कमलाबाई व सरस्वतीबाई. घर हेच या मुलींचे कवच झाले. मात्र सगळ्याच अभिनेत्रींना असे घर लाभत नाही, हेही आपण ध्यानात ठेविले पाहिजे.

मंडळीला दीर्घायुष्य लाभले नाही. १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले. थोड्या पैशांत गाणे, देखावे आणि नट सारेच पडद्यावर दिसू लागले. मोठमोठ्या नाटक मंडळ्यांची नाट्यगृहे ओस पडली. नूतन संगीताची नाट्यशाखाही तोट्यात जाऊन बंद झाली. हिराबाई मैफलीकडे वळल्या. भारतभर त्यांचे गाणे झाले, ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या, 'प्रतिभा'सारख्या चित्रपटातही त्यांनी काम केले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६५ साली आणि पद्मभूषण १९७० साली त्यांना मिळाले. १९८९ साली त्यांचे निधन झाले.

उघडलेले दार

व्यवहाराच्या हिशेबाने ही मंडळी अयशस्वी ठरली. परंतु तिने उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले व त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांनी काम केले. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'मध्ये त्याच ज्योत्स्नाबाई नायिका होत्या. त्या नाटकाचा विषयच अभिनेत्री होणारी सून हा होता. १९४९ साली जयराम शिलेदार आणि नंतरच्या जयमालाबाई शिलेदार यांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था उभारून संगीत नाटक पडत्या काळात जिवंत ठेविले. जयमालाबाईंना २०१३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार २०१८ साली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. हिराबाईंच्या शिष्या डॉ. प्रभा अत्रे यांना २०२२ साली पद्मविभूषण लाभले. संगीत नाटकांतून त्यांनीही भूमिका केल्या होत्या.

माझा एक अपराध

येथवर ऐकून आपण म्हणाल, की मग प्रश्न सुटला. तो सुटलेला नाही, याची साक्ष मला स्वतःविरुद्धच द्यावी लागते.

तीसएक वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत शिक्षक होतो. स्नेहसंमेलनासाठी 'सौभद्रा'तील एक प्रवेश बसविला. नववीतील एका मुलीचा गळा फार गोड होता. सुभद्रा तिला दिली. प्रयोगास आठ दिवस उरले असताना तिचे चुलते आणि गावातील दोन प्रतिष्ठित गृहस्थ मला भेटावयास आले. ते रागावले नाहीत. "गुरुजी, पोरीचं लग्न करायचं आहे आम्हाला," एवढेच म्हणाले. मी वाद घातला नाही. मुलीला सांगितले, "तू पडद्यामागून गा, काम मुलगा करील." आणि तसेच झाले. मुलाने लुगडे नेसून ओठ हलविले, ती विंगेत उभी राहून गायली. टाळ्या मुलाला मिळाल्या, बक्षीसही त्यालाच मिळाले. १९२९ साली हिराबाईंनी जे मागे टाकले होते, ते मी इतक्या वर्षांनी एका संध्याकाळी परत आणले.

पुढे अनेक वर्षांनी ती मला एका लग्नात भेटली. गावातील भजनी मंडळात गाते म्हणाली. त्या प्रवेशाविषयी मी विचारले, तेव्हा हसून म्हणाली, "कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझं नाव असतं तर आईला दाखवलं असतं." मला उत्तर सुचले नाही.

आपल्या हातात काय आहे

मित्रहो, आपण सारे शासनाशी आणि ग्रामसंस्थांशी संबंधित आहात, म्हणून तीन गोष्टी आपणांपुढे ठेवितो.

पहिली शिक्षकांसाठी. मुलीने शाळेच्या रंगमंचावर काम करावयाचे, तर तिच्या पालकांची भेट तक्रार आल्यानंतर नव्हे, तालीम सुरू होण्यापूर्वी घ्यावी. त्यांना तालमीस बोलवावे. शंका बहुधा न पाहिलेल्या गोष्टीविषयी असते.

दुसरी पंचायतींसाठी. गावात समाजमंदिर किंवा सभागृह बांधताना रंगमंचाची लांबीरुंदी आपण पाहतो. त्यामागे स्त्रियांना वेषभूषेसाठी कडीकोयंड्याची खोली आणि स्वच्छतागृह आहे काय, हेही पाहावे. रात्रीच्या कार्यक्रमानंतर मुली घरी कशा पोहोचतील, याची जबाबदारी आयोजकांनी लेखी घ्यावी. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतरच्या हंगामात रात्र रात्र नाटके होतात आणि अनेक अभिनेत्री त्यांवर उपजीविका करतात. त्यांच्या दृष्टीने मान म्हणजे हारतुरे नव्हेत. मान म्हणजे दार लागणारी खोली आणि ठरलेले मानधन.

तिसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. वृद्ध कलावंतांना शासन मानधन देते. त्यासाठी कलासेवेचे पुरावे लागतात. अशा वेळी पुरुष कलावंत जुनी पत्रिका, छायाचित्र, प्रमाणपत्र काढून देतो. गोंधळ, भारूड, तमाशा वा भजनात जन्म घालविलेल्या वृद्धेकडे बहुधा काहीच नसते. पत्रिकेत 'आणि सहकारी' एवढेच छापलेले असते. तेव्हा आजपासून गावातील प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेत गाणाऱ्या, नाचणाऱ्या आणि अभिनय करणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे पूर्ण नाव छापावे आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत व शाळेत जपून ठेवावी. यास अनुदान लागत नाही, ठरावाचीही गरज नाही.

हिराबाईंच्या आईने आपल्या मुलीला नाव दिले आणि मुलीने ते नाव नाटकाच्या जाहिरातीवर उजळ माथ्याने मिरविले. मेहकरच्या त्या महालातील स्त्रीचे नाव आता कोणालाही शोधून काढता येणार नाही. परंतु या तालुक्यात आज जी मुलगी गात आहे तिचे नाव पुसले जाऊ न देणे, हे मात्र आपल्या हाती आहे.