अल्पमोली मोटारीचा कायापालट

नागपुराहून हावड्याकडे जाणाऱ्या आगगाडीच्या उतारूंना भंडारा रोड हें स्थानक माहीत असतें. पण तें स्थानक ज्या गांवांत उभें आहे त्या वरठीचें नांव फार थोड्यांच्या लक्षांत राहतें. भंडारा शहर येथून दहाबारा किलोमीटर दूर. स्थानकाला शहराचें नांव मिळालें आणि गांव मागें राहिलें, असा हा प्रकार. तथापि मोटारींच्या व्यवहाराशीं वरठीचा संबंध पुष्कळ मोटारमालकांना वाटणार नाहीं इतका निकटचा आहे. येथील सनफ्लॅगच्या कारखान्यांत मिश्रपोलाद तयार होतें आणि मोटारीचे दांडे, दातेरी चक्रें, स्प्रिंगा असले भाग घडविणाऱ्या कारखान्यांकडे तें रवाना होतें. पोलादाला चिवटपणा आणणारें मँगनीज याच जिल्ह्यांत, तुमसर तालुक्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींत सांपडतें. तेव्हां साधी, स्वस्त मोटार थोड्या पैशांत कशी सुधारावी, आणि सुधारणेच्या नांवाखालीं ती कशी बिघडवूं नये, हा विचार वरठीपासून सुरू करण्यास हरकत नाहीं.

स्वस्त मोटार म्हणजे हलक्या प्रतीची मोटार, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. १९८३ सालीं रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या आरंभीं जिचें उत्पादन थांबलें ती मारुति ८०० घ्या. तीन नळकांड्यांचें ७९६ घनसेंटिमीटरांचें इंजिन, चाळीस अश्वशक्तींच्या आंतलें बळ, बारा इंची चाकें आणि सुमारें साडेसहाशें किलो वजन. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर या गाडीनें मध्यमवर्गीय कुटुंबांच्या एका सबंध पिढीचा संसार ओढला. चार धडधाकट माणसें आंत बसलीं कीं गाडीच्या वजनाच्या चाळीस टक्के बोजा तिच्यावर पडे, तरी ती घाट चढे. याचें रहस्य एवढेंच कीं तिचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाच्या मापाचा होता. ब्रेक जितके वजन थांबवूं शकतील तितकेंच वजन, तार जितका प्रवाह वाहूं शकेल तितकेच दिवे. मोठ्या मोटारींत रचनाकार सढळपणें सामर्थ्य शिल्लक ठेवतो; स्वस्त मोटारींत ही शिल्लक फार थोडी असते. म्हणून तिच्या एका भागाला हात लावतांना शेजारच्या चार भागांची विचारपूस करावी लागते.

जुनी मोटार पदरांत पडली कीं तरुण मालकाला ती चारचौघींहून निराळी दिसावी असें वाटतें. या हौसेला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पोळ्याला बैलांचीं शिंगें रंगविणाऱ्या मुलखांत तर मुळींच नाहीं. परंतु भंडाऱ्याकडचा शेतकरी शंकरपटासाठीं हलका छकडा वेगळा ठेवतो. धान्याची पोतीं वाहण्याची गाडी तो त्याकरितां तासून हलकी करीत नाहीं. हा विवेक मोटारीच्या बाबतींत मात्र सुटतो. ज्या मोटारींतून आई दवाखान्यांत जावयाची आणि मुलें शाळेंत, तिलाच शर्यतीचें सोंग देण्यांत येतें.

या सोंगाचा पहिला बळी म्हणजे स्प्रिंग. गाडी जमिनीलगत बसकी दिसावी म्हणून स्प्रिंगेचें एखादें वेटोळें कापून टाकण्याची चाल आहे. खर्च जवळजवळ कांहींच नाहीं. आणि म्हणूनच ती इतकी लोकप्रिय. आतां, सहा वेटोळ्यांच्या स्प्रिंगेंतून एक काढलें तर राहिलेली स्प्रिंग एक-पंचमांशानें अधिक ताठ होते, कारण दाब झेलावयाला आतां पांचच वेटोळीं उरतात. ताठ स्प्रिंग आणि खालीं आलेली गाडी यांचा परिणाम असा होतो कीं खड्डा आला कीं चाकाला वर सरकण्यास जागाच उरत नाहीं आणि धक्का सरळ सांगाड्यावर बसतो. पण याहून मोठी हानि डोळ्यांना दिसत नाहीं. स्प्रिंगेचें पोलाद हें नुसतें वाकविलेलें पोलाद नव्हे. शेंकडा सुमारें दोन भाग सिलिकॉन आणि एका भागाच्या आंतबाहेर मँगनीज असलेलें तें पोलाद नऊशें अंशांच्या सुमारास तापवून तेलांत विझवितात. त्यामुळें तें कठीण पण कांचेसारखें ठिसूळ होतें. मग पुन्हां चारशें ते पांचशें अंशांपर्यंत बेतानें तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. या दुसऱ्या तापविण्यांत त्याचें पाणी ठरतें. वायूच्या ज्योतीची उष्णता तीन हजार अंशांच्या वर असते. ती ज्योत स्प्रिंगेला लावली कीं कारखान्यानें दिलेलें पाणी तेवढ्या भागांत उतरलें म्हणून समजावें. कापलेली स्प्रिंग महिनाभर निमूटपणें चालते, आणि एखाद्या दिवशीं भरल्या गाडींत, वळणावर, मोडते.

गाडी उंच करण्याची हौसहि याच जातीची. वेटोळ्यांच्या मधें रबरी गट्टू दडपून बसविले कीं मागची बाजू उचललेली दिसते. परंतु गट्टूनें जखडलेलें वेटोळें कापलेल्या वेटोळ्याप्रमाणेंच निकामी झालेलें असतें. स्प्रिंगा खरोखरच बसल्या असतील तर त्याच गाडीच्या, त्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा घालाव्यात, आणि त्यांच्याबरोबर झटके शोषणारे शॉकअबसॉर्बरहि बदलावेत. जुन्या मोटारींत एवढ्या एका खर्चानें जो पालट जाणवतो तो रंगरोगणानें कधींहि जाणवत नाहीं.

दिव्यांची गोष्ट यापेक्षां गमतीची आहे. पंधरा वर्षांच्या मोटारीचे दिवे मंद झाले कीं मालक बाजारांतून शंभर वॅटचे गोळे आणतो. मूळचे गोळे साठ वॅटचे. बारा व्होल्टांवर साठ वॅटला पांच अँपिअर प्रवाह लागतो, शंभर वॅटला आठाहून थोडा अधिक. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे प्रवाह पावणेदोनपटहि झाला नाहीं तोंच तार पावणेतीनपट तापूं लागते. मग खटक्याजवळचें प्लास्टिक वितळल्याचा वास येतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात तें निराळेंच. वास्तविक मूळच्या गोळ्यांत दोष नसतोच. प्रवाह लांबच्या तारांतून आणि गंजलेल्या जोडांतून जातां जातां गोळ्यापर्यंत पोहोंचेतों क्षीण होतो. व्होल्टांत दहा टक्के घट झाली तर प्रकाशांत सुमारें तीस टक्के घट होते! दोन रिले आणि कांहीं हात जाड तार घेऊन गोळ्यांना बॅटरीपासून सरळ प्रवाह दिला, आणि जमिनीकडचे जोड घासून स्वच्छ केले, तर तेच साठ वॅटचे गोळे नव्यासारखे उजळतात. खर्च कांहीं शें रुपये. अल्पमोली सुधारणांत हिला अग्रमान देण्यास हरकत नसावी.

टायरांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. रुंद टायर दिसण्यांत भारदस्त, परंतु अल्पशक्ति इंजिनाला ते जड जातात, सुकाणू जड होतें आणि पेट्रोल अधिक जळतें. मूळच्या १४५ मिलिमीटर रुंदीऐवजीं त्याच प्रमाणाचा १५५ चा टायर चढविला तर चाकाचा व्यास जवळजवळ तीन टक्क्यांनीं वाढतो आणि वेगदर्शक साठ दाखवीत असतांना गाडी बासष्टाच्या घरांत धांवत असते. एवढें चालण्याजोगें आहे. याच्या पलीकडे जाऊं नये. खरा पैसा टायरच्या रुंदीवर खर्च न करतां त्याच्या ताजेपणावर करावा. जुनें, कडक झालेलें रबर नक्षी शाबूत असूनहि ओल्या रस्त्यावर दगा देतें.

ब्रेकांचा विचार वेग वाढविण्याच्या आधीं व्हावा, नंतर नव्हे. ताशीं साठ किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारें वीस मीटरांत थांबत असेल, तर ऐंशीच्या वेगाला तिला छत्तीस मीटर लागतात. वेग एक-तृतीयांशानें वाढला आणि अंतर जवळजवळ दुप्पट झालें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषतें. ओलावलेलें तेल उतारावर तापून उकळलें कीं पायाखालची पट्टी पोकळ लागते. तें तेल बदलण्याचा खर्च एका जेवणावळीच्या बिलाहून कमी असतो, आणि तरीहि कर्कश सायलेन्सर बसविणाऱ्या दहा जणांपैकीं एकाला तरी तें सुचत असेल कीं नाहीं याची शंका आहे. सायलेन्सरचा आवाज वाढल्यानें शक्ति वाढल्याचा भास मात्र उत्तम होतो.

विदर्भाच्या उन्हाळ्यानें आणखी एक अजब सुधारणा जन्माला घातली आहे. इंजिन तापतें म्हणून त्यांतील थर्मोस्टॅटच काढून टाकावयाचा. हा लहानसा पडदा इंजिन थंड असतां पाणी अडवून धरतो आणि पुरेसें गरम झालें कीं वाट मोकळी करतो. तो काढला तर मे महिन्यांत समाधान लाभतें. पण पौषांतल्या पहाटे इंजिन कितीतरी वेळ गारठलेलें राहतें, पेट्रोल जास्त पितें आणि आंतून झिजतें. दोष बहुधा गाळानें भरलेल्या रेडिएटरचा असतो. तो धुवून घ्यावा, पंखा योग्य वेळीं सुरू होतो कीं नाहीं तें पाहावें, आणि थर्मोस्टॅट जेथल्या तेथें राहूं द्यावा.

इंधन बदलणें ही मात्र जुनी आणि प्रतिष्ठित सुधारणा आहे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें तेव्हां हिंदुस्थानांत कित्येक मोटारींच्या पाठीशीं लोखंडी भट्ट्या बसल्या आणि लांकडी कोळशाच्या वायूवर गाड्या धांवूं लागल्या. शक्ति बरीच घटे, चालकाचे हात काळे होत, परंतु गाडी चाले. आजचा दाबलेला नैसर्गिक वायु त्यामानानें सभ्य आहे. त्याचें नळकांडें पोलादी असेल तर पन्नास-साठ किलो वजनाचें भरतें, म्हणजे मागच्या स्प्रिंगांवर एक कायमचा उतारू बसला. आणि त्याची दर तीन वर्षांनीं पाण्याच्या दाबाखालीं परीक्षा करवून घ्यावी लागते. संच मान्यताप्राप्त असावा व नोंदणीपुस्तकांत त्याची नोंद व्हावी. यांत कसर केली तर पैसे वांचत नाहींत, संकट तेवढें विकत घेतलें जातें.

येथें कायद्याचा प्रश्न येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणीपुस्तकांतला तपशील निराळा होईल असा फेरफार मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ कायम केला, आणि त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें प्रत्येक बेकायदा फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. हा नियम कडक वाटेल. पण वाटेवरून पायीं जाणारा मनुष्य कोणाच्या मोटारीची स्प्रिंग तपासून रस्ता ओलांडीत नाहीं. त्याच्या वतीनें कोणींतरी ती तपासलेली असली पाहिजे.

तथापि या नियमाच्या दुसऱ्या बाजूस काय उभें आहे, हें सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवानें दाखविलें. यशवंतराव चव्हाणांचें हें जन्मगांव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिरानें, फारसें शालेय शिक्षण नसतांना, मुलाची हौस पुरविण्यासाठीं भंगारांतील सामानांतून लहानशी जीप तयार केली. खर्च सुमारें साठ हजार रुपये. स्कूटरप्रमाणें पायानें दांडा मारून ती सुरू करावयाची. डिसेंबर २०२१ मध्यें तिचें चित्रण देशभर पाहिलें गेलें. उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं कारागिरीचें कौतुक केलें, पण त्याचबरोबर ही गाडी कोणत्याहि नियमांत बसत नाहीं आणि अधिकारी आज ना उद्यां ती थांबवतील हेंहि स्पष्टपणें म्हटलें; आणि तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें लोहार कुटुंबाला ती मिळाली.

गोष्ट गोड झाली खरी. पण लोहारांच्या जिपेला रस्त्याचा परवाना मिळण्याचा मार्ग होता का? नव्या जातीचें वाहन विक्रीस येण्यापूर्वीं पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेंत ब्रेकांपासून धुरापर्यंत त्याची परीक्षा होते. ती व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठीं आहे. एक गाडी घडविणाऱ्या लोहाराला तिचा उंबरठा चढणें परवडणारें नाहीं. सुरक्षिततेची अट सैल न करतां एकट्या कारागिराची एक गाडी स्वस्तांत तपासून देणारी व्यवस्था असती, तर देवराष्ट्र्याची जीप प्रदर्शनांत न जातां देवराष्ट्र्यांतच राहिली असती.

ज्यांच्याजवळ लोहारांचे हात नाहींत, पण जुनी मोटार आहे, त्यांनीं सुधारणेला आरंभ करण्यापूर्वीं दोन कागद काढून ठेवावेत. पहिला नोंदणीपुस्तकाचा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते आणि पुढें दर पांच वर्षांनीं गाडी अधिकाऱ्यापुढें उभी करून ती नवी करून घ्यावी लागते. त्या दिवशीं सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार पुस्तकाशीं जुळावा लागतो. दुसरा विमापत्राचा. वायूचा संच बसविला आणि विमा कंपनीला कळविलें नाहीं, तर अपघातानंतर भरपाई नाकारण्यास तिला चांगलें निमित्त मिळतें. तेव्हां संचाचे पैसे देण्यापूर्वींच कंपनीला पत्र लिहावें आणि तिचें उत्तर जपून ठेवावें.