कूलरच्या मोटारीची परीक्षा

मराठवाड्यांत चैत्र सरतो न सरतो तोंच माळ्यावरचे कूलर खालीं उतरूं लागतात. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील धावडा हें गांवही या रीतीस अपवाद नाहीं. पारा ४० अंशांपलीकडे गेला म्हणजे छपराखालीं दुपार काढणें कठीण होतें. मग कित्येक महिने अडगळींत पडलेलें तें पत्र्याचें खोकें पुसून खिडकीशीं मांडतात, टांकींत पाणी ओततात आणि पिन लावून बटण दाबतात. अपघात घडतो तो पुष्कळदां नेमका याच वेळीं. पाणी, पत्रा आणि २३० व्होल्टचा विद्युत्प्रवाह यांची एकत्र वस्ती असलेलें दुसरें यंत्र घरांत क्वचितच सांपडेल. आणि गारव्याच्या ओढीनें त्याच्याभोंवतीं मुलें अनवाणी वावरत असतात.

ही मोटार निकोला टेस्ला यांस १८८८ सालीं अमेरिकेंत जिचें पेटंट मिळालें त्या मोटारीच्या कुळांतली. हिच्या स्थिर भागांत तारेचीं दोन वेटोळीं असतात. घरांत येणाऱ्या एकेरी फेजवर एकच वेटोळें ठेविलें, तर त्याचें चुंबकक्षेत्र जागच्या जागीं हेलकावे खातें, फिरत नाहीं. दुसऱ्या वेटोळ्याशीं कंडेन्सर जोडला म्हणजे त्यांतील प्रवाहाची वेळ बदलते, क्षेत्र फिरूं लागतें आणि त्याच्या मागोमाग मधला दांडा फिरतो. एवढें ध्यानांत घेतलें कीं मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाहीं, याचा अर्थ उलगडतो: एक तर कंडेन्सर गेला, किंवा दुसरें वेटोळें तुटलें, किंवा बुश जाम झाला. अशा वेळीं पातें बोटानें ढकलून पाहण्याची खोड फार वाईट. मोटार एकाएकीं सुटते आणि बोट आंत राहतें.

परीक्षेचा आरंभ पिन काढण्यापासून व्हावा. “बाई, बटण बंद केलंय,” असें मिस्त्री म्हणतो, तेव्हां “बटण राहूं द्या, दादा, पिन काढा,” असें त्यास सांगणारी गृहिणी शहाणीच म्हणावयाची. कारण फिटिंग करतांना तारांची अदलाबदल झाली असेल, तर बटण न्यूट्रल तोडतें आणि फेज मोटारींत तशीच हजर राहते. पातें स्तब्ध, पण पत्र्याच्या आंत मृत्यू बसलेला! टेस्टरचा दिवा लागला नाहीं, हाही निर्धोकपणाचा पुरावा नव्हे.

त्यानंतर टांकी रिकामी करून कंडेन्सर पाहावा. धड मोटारींत त्याचा भार वेटोळ्यांतूनच निचरून जातो. परंतु तार तुटलेली असेल तर तो आंतच अडकून राहतो, आणि तो सव्वातीनशे व्होल्टपर्यंत, क्वचित् त्याहूनही वर असूं शकतो. म्हणजे मोटार बिघडलेली असते तेव्हांच कंडेन्सर अधिक धोक्याचा! पेचकसानें त्याचीं टोकें जोडून ठिणगी पाडण्यापेक्षां, टोकें इन्सुलेट केलेल्या तारांचा साधा बल्ब त्यावर टेकवावा. नवा कंडेन्सर आणतांना जुन्यावरील मायक्रोफॅराडचा आंकडा तोच घ्यावा. व्होल्टचा आंकडा कमी असतां कामा नये. वारा जोरांत यावा म्हणून मोठा कंडेन्सर बसविणें म्हणजे वेटोळें जाळण्याची तयारी.

आतां दांडा हातानें फिरवून पाहावा. अडखळत असेल तर क्षार आणि धूळ यांनीं बुश सुकला असें समजावें; तेलाच्या दोन थेंबांनीं काम भागतें तेथें वाइंडिंगचें बिल कशाला? मग मीटरची पाळी. एकाच वेगाच्या साध्या मोटारींतून तीन तारा निघतात. समजा, दोन-दोन तारांच्या जोड्यांत ६०, ९० आणि १५० ओहम आले. मोठा आंकडा इतर दोहोंची बेरीज आहे, म्हणून वेटोळीं शाबूत. आणि १५० ज्या दोन तारांत आला त्यांखेरीजची तिसरी तार ती सामायिक. एखाद्या जोडींत मीटर हललाच नाहीं, तर वेटोळें तुटलें. अनेक वेगांच्या मोटारींत तारा अधिक असल्यानें हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाहीं.

खरी कसोटी पुढें आहे. मीटरचें एक टोक वेटोळ्याच्या तारेस आणि दुसरें मोटारीच्या रंग खरवडलेल्या लोखंडास लावलें आणि कांहींच आंकडा आला नाहीं, म्हणजे पुष्कळजण निर्धास्त होतात. परंतु साध्या मीटरची परीक्षा त्याच्या लहानशा बॅटरीच्या दाबावर चालते. ओलावलेलें वार्निश तेवढा दाब सोसतें आणि २३० व्होल्टखालीं हार खातें. याकरितां मेगर हवा. हें नांव १९०३ पासूनचें. घरगुती मोटारीस त्याचा ५०० व्होल्टचा दाब देतात. मात्र त्या वेळीं कंडेन्सर सोडवून ठेवावा आणि कोणी तारांस हात लावूं नये. १ मेगओहमपेक्षां कमी भरलें तर ती मोटार जोडूं नये. उन्हांत चांगली वाळवून पुन्हा मोजावी. तरीही आंकडा चढला नाहीं तर ती वाइंडिंगला द्यावी किंवा बदलावी.

पिनेची तिसरी तार मात्र कित्येक घरांत कापलेलीच आढळते, कारण भिंतींतील सॉकेटास अर्थिंग नसतें. अर्थिंग करून घेण्याचा खर्च नव्या मोटारीहून पुष्कळदां जड वाटतो, तरी तो आधीं करावा. शक्य तर फ्यूजपेटीशीं ३० मिलिअँपिअरवर तुटणारा लीकेज-ब्रेकरही बसवावा. मोटार परत चढविल्यावर पहिलें बटण टांकी कोरडी आणि पंप सुटा ठेवूनच दाबावें, पायांत चपला घालून, पत्र्यास हात न लावतां. दहा मिनिटांत जळका वास आला नाहीं तर पिन काढावी, पंप जोडावा, पाणी भरावें आणि मगच पिन लावावी. पुढें दुपारीं पाणी संपलें म्हणजेही हाच क्रम: आधीं पिन, मग बादली.