सेकंद म्हणजे दुसरा, मग पहिला कुठाय?

कुंडलहून बोलतोय. कोडमध्ये 'टाइमआउट ३० सेकंद' तर आपण रोजच लिहितो. पण इंग्रजीत सेकंड म्हणजे दुसरा, मग पहिला कोण? तर मिनिट! लॅटिनमध्ये तासाचा साठावा भाग 'पहिला बारीक तुकडा', त्याचा साठावा 'दुसरा बारीक तुकडा'. पहिल्याच्या नावातलं 'बारीक' तेवढं उरलं, तेच मिनिट. दुसऱ्याला नुसता नंबर मिळाला, बिचारा.

गंमत म्हणजे आपल्याकडंही साठच. दिवसरात्र मिळून ६० घटका, एका घटकेत ६० पळं. म्हणजे घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं.

आमची आजी म्हणते, "घटकाभर टेक की लेकरा." हिशेबानं २४ मिनिटं झाली! पुण्याहून आलेली नातवंडं पाचव्या मिनिटाला बॅग उचलतात. तुमच्या घरी घटका कितीची?