कॉलेजचे पहिले वर्ष आणि एन.डी.ए.ची दुसरी खेप

(बेलापूर येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीनंतर मुलांनी काय करावे, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज बोलायचे आहे ते जरा वेगळ्या मुलाविषयी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एन.डी.ए.साठी, त्याने एकदा परीक्षा दिली, यश आले नाही, आणि आता तो पुन्हा बसू म्हणतो. दरम्यान कॉलेजचा प्रवेश-अर्ज घरात येऊन पडला आहे आणि त्यातले विषयांचे रकाने रिकामे आहेत. अब्बा म्हणतात, "इंजिनिअरिंगला जा, गणित पक्के होईल." मामू म्हणतात, "कॉलेज सोड, घरी बसून एकच तयारी कर." असे एक घर मी जवळून पाहिले आहे. त्या मुलाची हकिकत पुढे येईलच.

आधी वयाचा हिशेब करा. कोर्स सुरू होताना उमेदवार साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा असावा लागतो. परीक्षा वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. समजा, मुलाचा जन्म ऑगस्ट २००७ चा आहे आणि २०२५ साली तो बारावी झाला. त्याला सप्टेंबर २०२५ आणि एप्रिल २०२६ अशा दोनच संधी उरतात, कारण जुलै २०२७ च्या कोर्सला तो साडेएकोणीसच्या पुढे गेलेला असतो. दोन्ही संधी कॉलेजच्या पहिल्या वर्षातच आल्या! जाता जाता पालकांना एक सांगतो. शाळेत नाव घालताना आपल्याकडे जन्मतारीख अंदाजाने सांगण्याची सवय होती. आयोग दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख धरतो आणि ती मागाहून बदलून मिळत नाही. म्हणून धाकट्या मुलांचे दाखले वेळीच तपासून घ्या.

आता कॉलेजच्या विषयांकडे येऊ. यात दोन गैरसमज आहेत. पहिला असा, की कॉलेजात घेतलेल्या विषयांनी एन.डी.ए.ची पात्रता वाढते. तसे होत नाही. वायुदल आणि नौदल यांसाठी बारावीला पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित लागते. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. ती गोष्ट बारावीलाच ठरून गेली. दुसरा गैरसमज असा, की निवड झाली तर कॉलेजचे वर्ष तिकडे जमेस धरतील. तेही नाही. तिथे पदवीचे शिक्षण पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे हे वर्ष निवड झाली तर मागे टाकायचे आहे आणि न झाली तर त्याच्याच पायावर पुढचे उभारायचे आहे. विषय निवडताना या दोन्ही शक्यता डोळ्यांसमोर हव्यात.

मग निवडायचे कसे? माझे मत असे की, पहिल्या वेळी आपण कुठे पडलो ते आधी पाहावे. लेखी परीक्षा ९०० गुणांची असते : गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६००. त्या ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे. उरलेल्या ४०० ची वाटणी अभ्यासक्रमातच छापलेली असते, पण ती फार थोडे लोक वाचतात. पदार्थविज्ञान २५ टक्के, रसायन १५, सामान्य विज्ञान १०, इतिहास २०, भूगोल २० आणि चालू घडामोडी १०. म्हणजे इतिहास-भूगोल मिळून १६० गुण झाले! आपली विज्ञान शाखेची मुले दहावीनंतर हे दोन विषय बासनात बांधून ठेवतात आणि तिथेच मार खातात.

म्हणून गणितात कमी पडलेल्या मुलाने बी.एस्सी.ला गणित व पदार्थविज्ञान घ्यावे आणि जोडीला, जिथे मिळत असेल तिथे, भूगोल किंवा संख्याशास्त्र घ्यावे. मात्र कॉलेजचे गणित सिद्धतेकडे झुकणारे असते, तर एन.डी.ए.चे गणित अकरावी-बारावीचेच, पण वेगाचे असते. अडीच तासांत १२० प्रश्न, आणि चुकलेल्या उत्तराला एकतृतीयांश गुण वजा. त्यामुळे वर्गात बसून ते आपोआप येईल या भरवशावर राहू नका. बारावीची पुस्तके रद्दीत देऊ नका.

ज्याचे गणित ठीक होते पण इंग्रजीने घात केला, त्याने बी.ए.ला इंग्रजी, भूगोल, इतिहास घेतले तर बिघडत नाही. प्रश्नपत्रिका हिंदीत आणि इंग्रजीत असते. मराठी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलांना हा अडसर खराच आहे. "विज्ञान सोडून आर्ट्सला गेला" असे मोहल्ल्यात लोक म्हणतील. म्हणू द्या.

इंजिनिअरिंग त्या विषयाच्या आवडीने घ्यावे, एन.डी.ए.ची तयारी म्हणून घेऊ नये. पहिल्याच वर्षी सबमिशन, प्रात्यक्षिके आणि सत्र परीक्षा यांत मूल इतके गुरफटते की एप्रिलची परीक्षा केव्हा आली ते कळत नाही. आणि घरी बसण्याबद्दल म्हणाल, तर मला ते अजिबात पसंत नाही. कारण सांगतो.

लेखी परीक्षेनंतर एस.एस.बी. असते, तीही ९०० गुणांची, पाच दिवस चालणारी. तिथे एक माहितीपत्रक भरून द्यावे लागते : शिक्षण, गुण, खेळ, एन.सी.सी. आणि पूर्वीचे प्रयत्न. मुलाखतीत त्यावरूनच विचारतात. मागच्या खेपेनंतर काय केले? हे विषय का घेतले? घरी बसलेल्या मुलाजवळ सांगण्यासारखे फारसे काही नसते. ज्या विषयावर दहा मिनिटे मनापासून बोलता येईल, तो विषय घ्या, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता त्या मुलाची हकिकत. तो लेखी परीक्षा पास झाला होता. भोपाळहून मात्र पहिल्याच दिवशी, चाळणीतच, परत आला. चित्र पाहून गोष्ट लिहायची आणि ती दहा-पंधरा मुलांत बसून बोलायची असते. हा गप्प राहिला. आणि घरच्यांनी औषध काय शोधले, तर गणित पक्के करण्यासाठी इंजिनिअरिंग! दुखणे एक आणि इलाज भलताच. बरेच समजावल्यावर त्याने गणित, पदार्थविज्ञान आणि भूगोल घेऊन बी.एस्सी.ला नाव घातले, आणि एन.सी.सी.तही गेला. दुसऱ्या खेपेला तो पाचव्या दिवसापर्यंत टिकला. निवड झाली नाही. वय संपले.

त्याचे अब्बा मला म्हणाले, "साहेब, दोन वर्षं पाण्यात गेली." मी म्हटले, मोजून पाहू. पदवीनंतर सी.डी.एस. परीक्षेतून डेहराडूनच्या प्रबोधिनीत जाता येते, तिथे कोणतीही पदवी चालते आणि गणित दहावीच्या पातळीचे असते. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर लेखी परीक्षेशिवाय थेट एस.एस.बी.ला बोलावणे येऊ शकते. कॅप्टन हनीफउद्दीन दिल्लीच्या शिवाजी कॉलेजातून पदवी घेऊनच सैन्यात गेले होते; १९९९ साली कारगिलच्या लढाईत, तुर्तुकच्या भागात, ते शहीद झाले आणि त्यांना वीरचक्र मिळाले. मुलगा आज दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहाटे प्रवरेच्या काठाने धावतो.

आपण ब्रिगेडियर उस्मान आणि हवालदार अब्दुल हमीद यांची नावे दरवर्षी घेतो. वायुदलप्रमुख इद्रिस हसन लतीफ पुढे १९८२ ते १९८५ या काळात आपल्याच राज्याचे राज्यपाल होते. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी चिलखती दलाचे केंद्र आहे. पण "आपल्या मुलांना कोण घेतो?" असे म्हणणाऱ्या किती घरांतून अर्ज गेला, हे मी विचारतो तेव्हा बैठकीत शांतता पसरते. अर्जाची फी १०० रुपये आहे आणि मुलींना तीही नाही. होय, मुलींना. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर ही परीक्षा त्यांना खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. शिक्षण, राहणे आणि जेवण यांचा खर्च सरकार करते.

प्रवेश घेताना दोन गोष्टी सांभाळा. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके कॉलेजात अडकवून ठेवू नका, एस.एस.बी.ला मूळ कागद दाखवावे लागतात. आणि एन.सी.सी.ची भरती सत्राच्या सुरुवातीलाच होते. प्रवेशाची पावती हातात पडली की त्याच दिवशी एन.सी.सी.च्या अधिकारी-प्राध्यापकांना भेटून नाव नोंदवा.