श्वासाचे यंत्र आणि सुट्या भागांचे कुलूप



आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या रेग्युलेटरशी कामगार चळवळीतल्या माणसाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. ज्या यंत्रावर माणसाचा श्वास चालतो, ते उघडून दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, असा हा प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरविषयी किंवा रिक्षावाल्याच्या इंजिनाविषयीही तो विचारता येईल. पण पाण्याखाली तो अगदी उघडा पडतो, कारण तेथे यंत्र आणि प्राण यांच्यामध्ये दुसरे काहीच नसते.

प्रथम यंत्र समजून घेऊ. पाणबुड्याच्या पाठीवरील सिलिंडरमध्ये हवा साधारणपणे २०० बार दाबाने भरलेली असते. म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट. ती तशीच तोंडात घेणे म्हणजे मरण. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवतो. सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेला पहिला टप्पा तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९ ते १० बार अधिक, एवढ्यावर आणतो. तोंडात धरावयाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लवचीक पडदा असतो. श्वास ओढला की पडदा आत येतो, तरफ दाबली जाते, झडप उघडते आणि हवा येते. ओढ थांबली की झडप मिटते. यात वीज नाही की गुप्त विद्या नाही. झिजतात त्या रबरी ओ-रिंगा आणि झडप जिच्यावर टेकते ती सीट. गाळणीत मीठ आणि गंज साचतो. सीट झिजली की मधला दाब हळूहळू चढतो आणि दुसऱ्या टप्प्यातून हवा आपोआप वाहू लागते. म्हणून हे भाग ठरावीक मुदतीने बदलावे लागतात.

आता या यंत्राचा जन्म पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. एमिल गान्याँ या अभियंत्याने इंजिनाला हवा तेवढाच गॅस सोडणारी झडप तयार केली होती. नौदलातील अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो यांनी ती कल्पना माणसाच्या श्वासाला लावावी म्हणून त्यांना गाठले. मार्न नदीतील चाचणीत यंत्र फसले. उभे राहिले की हवा वाया वाहून जाई, डोके खाली केले की श्वास ओढवेना. दोघांनी कारण शोधले. उच्छ्वासाची झडप पडद्याहून निराळ्या पातळीवर होती. ती पडद्याजवळ आणली आणि १९४३ साली यंत्र चालू लागले. म्हणजे मोटारीची झडप खोलून, जोडून, चुकते कोठे ते पाहून हे यंत्र घडले. पुढे १९५० च्या दशकात ब्रिटनमधील हौशी पाणबुडे तर घरगुती गॅसच्या रेग्युलेटरमध्ये फेरफार करून समुद्रात उतरत. त्यातला धोका आम्ही नाकारीत नाही. पण हात आणि यंत्र यांची तेव्हा ओळख होती, एवढे खरे.

आज ही ओळख तुटली आहे. कित्येक उत्पादक दुरुस्तीचे भाग केवळ आपल्या अधिकृत विक्रेत्यांनाच देतात. दुरुस्तीची पुस्तिका आणि शिक्षण हीदेखील त्यांच्याकरिताच राखलेली असतात. ओ-रिंग बहुधा प्रमाणित मापाची असल्याने बाजारात मिळू शकते. पण सीट त्या त्या मॉडेलचीच लागते, आणि कुलूप नेमके तेथे आहे. अमेरिकेत व्हान्स हार्लो यांनी रेग्युलेटरच्या देखभालीवर एक सविस्तर पुस्तक लिहिले आणि अनेकांनी ते वाचून विद्या मिळवली. पण पुस्तक वाचून सीट तयार होत नाही.

उत्पादक म्हणतात, हे सारे तुमच्या सुरक्षिततेसाठी. हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. चुकीने जोडलेला रेग्युलेटर जीव घेऊ शकतो. ज्या साहित्यातून शुद्ध प्राणवायू जातो, त्याला चुकीचे ग्रीस लावले तर पेट घेण्याचा धोका असतो. पण यावरून निष्पन्न काय होते? शिकवावे, परीक्षा घ्यावी, हे निष्पन्न होते. दडवावे, हे नव्हे. कारखान्यात आम्ही हा युक्तिवाद पुष्कळ ऐकला आहे. यंत्राला हात लावू नका, ते धोक्याचे आहे, असे ज्याला सांगतात, त्यालाच त्या यंत्रापाशी आठ तास उभे करतात! ज्याची बोटे चक्रापाशी असतात, त्याला चक्र कळलेच पाहिजे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दुकानातला कारागीर कितीही निष्णात असो, पाण्याखाली त्या रेग्युलेटरमधून श्वास घेणारा तो नसतो. स्वतःचे यंत्र स्वतः जोडणाऱ्याला काळजी घेण्यास याहून मोठे कारण कोणते हवे?

मात्र येथे एक भेद केला पाहिजे. स्वतःच्या श्वासाचे यंत्र ही एक गोष्ट. दुसऱ्याला भाड्याने द्यावयाचे यंत्र ही दुसरी. आपल्या मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर आज अनेक तरुण पर्यटकांना समुद्राखाली नेतात. पर्यटकाच्या तोंडात जो रेग्युलेटर जाईल, त्याची तपासणी प्रशिक्षित माणसानेच करावी, त्याची नोंद ठेवावी, असेच आम्ही म्हणू. पण तो प्रशिक्षित माणूस मालवणचाच का असू नये? पावसाळा धरून बसला की समुद्र बंद. कमाई उरलेल्या महिन्यांची. भर हंगामात एका सीटसाठी यंत्र अडून राहिले, तर रोज बुडतो तो त्या तरुणाचा.

कायद्याचे वारे फिरू लागले आहे. सुटे भाग आणि माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना भारताच्या स्पर्धा आयोगाने २०१४ साली सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. तरी भाग अडवून ठेवणे हा केवळ कंपनीचा घरगुती मामला नव्हे, हे तत्त्व उच्चारले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी व्यवस्था सुरू केली; तिच्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने घेतली. युरोपीय संघाने २०२४ साली असाच कायदा केला. पाणबुड्यांचा रेग्युलेटर या याद्यांत नाही. यादी वाढवून घेण्याचे काम संघटनेचे आहे. एकट्या ग्राहकाच्या पत्राला उत्तर येत नाही, हा आमच्या चळवळीचा जुना अनुभव आहे.

मागणी तीनच गोष्टींची. दुरुस्तीची पुस्तिका सर्वांना मिळावी. शिक्षण घेऊन परीक्षा उतरलेल्या कोणालाही, तो विक्रेता असो वा नसो, भाग रास्त किमतीत मिळावेत. आणि ते शिक्षण जेथे पाणबुडे राहतात तेथे, त्यांच्या भाषेत मिळावे. यानंतरही ज्याला यंत्र दुकानात द्यावेसे वाटेल, त्याने खुशाल द्यावे. तोही मग काय बदलले आणि काय नाही, हे विचारू शकेल. आणि विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम दुकानदार अधिक नीट करतो, हे आपण सारे जाणतोच.