नमस्कार जुळत नाही तेव्हा



सकाळपासून आपण एकमेकांना किती नमस्कार केले! आता आणखी एक करू या, पण सावकाश. कोपरं उचला, तळव्याला तळवा टेकवा, आणि बोटं मुळापासून टोकापर्यंत एकमेकांना लागतात का ते बघा. बऱ्याच वर्षांचा मधुमेह असलेल्या पुष्कळ लोकांची बोटं अशी लागत नाहीत, मध्ये फट राहते. त्यांना दुखत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. आपण साखरेचा आकडा बघतो आणि हात बघायचे राहून जातात.

आज मला सांध्याच्या अस्तराबद्दल आणि कंडरांबद्दल बोलायचं आहे. सुश्रुताने शरीरात १६ कंडरा मोजल्या. आपण मात्र त्यांच्याकडे दोऱ्या म्हणून पाहतो: ताणल्या की दुखतात, शेकल्या की बऱ्या होतात. माझंही तसंच होतं. त्याची किंमत एका बाईंनी मोजली.

साधारण चाळिशीच्या होत्या. उजवं मनगट सुजलेलं, फारसं लाल नाही, फारसं गरम नाही. रोज वीस-पंचवीस भाकऱ्या थापायच्या. मी म्हटलं, कामाचा ताण आहे. स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, महिनाभर बरं वाटलं. सूज परत आली तेव्हा दुसरं दिलं. सूज मनगटाच्या पट्ट्याच्या वरही होती आणि खाली तळव्यातही. वर दाबलं की खाली फुगवटा जाणवायचा. ही खूण मी विद्यार्थी असताना पाठ केली होती, परीक्षेत लिहिलीही होती. त्या हातावर ती मला दिसली नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊ लागली तेव्हा त्यांना शस्त्रक्रियेसाठी पाठवलं. कंडरांच्या आवरणातून तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे निघाले. असे दाणे आमवातातही सापडतात, पण तपासणीत क्षयरोग निघाला. छातीचा फोटो स्वच्छ होता आणि खोकला कधीच नव्हता. मी दोनदा जे औषध टोचलं होतं, त्याने जंतूंना मोकळं रान मिळालं होतं. वर्षभराहून अधिक काळ गोळ्या घेऊन आजार गेला, पण मधलं बोट पूर्ण सरळ झालं नाही.

ही चूक माझी होती. मी कंडरा तपासली, बाई तपासल्या नाहीत.

मधुमेहाकडे परत येतो, कारण आपल्या दवाखान्यात हेच सर्वांत जास्त दिसतं. खांदा आखडणं सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना होतं. मधुमेह असलेल्यांत ते प्रमाण दहा ते वीस, काही ठिकाणी त्याहूनही जास्त आढळलं आहे. बोट अडकणं आणि रात्री हाताला मुंग्या येणं यांचंही तसंच. रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर आपण एचबीए१सी म्हणून मोजतो. पण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्या आकड्यात दोन-तीन महिन्यांचाच हिशेब असतो. कंडरेतलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं. त्याला चिकटलेली साखर धाग्याला धागा जखडत जाते आणि ते सहजी सुटत नाहीत. म्हणून आज आकडा उत्तम असलेल्या माणसाचाही नमस्कार जुळत नाही. मागची पंधरा वर्षं त्याच्या हातात लिहिलेली असतात. अशा माणसाला खांद्यात इंजेक्शन दिलं तर पुढचे काही दिवस साखर चढते. हे त्याला आधी सांगणं आपलं काम आहे.

चिकुनगुन्याची आठवण तर या राज्याला वेगळी करून द्यायला नको. १९७३ साली बार्शीत साथ आली, नंतर तीन दशकं शांतता, आणि २००६ मध्ये घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. ज्या माकोंडे भाषेतून हे नाव आलं, तिथे त्याचा अर्थ वाकणं असा आहे. ताप आठवड्यात उतरला, पण मनगटांच्या आणि घोट्यांच्या कंडरांची आवरणं महिनोन्‌महिने सुजलेली राहिली. ‘आधी ताप येऊन गेला होता का?’ एवढा प्रश्न विचारला असता तर कितीतरी अनावश्यक एक्स-रे वाचले असते.

आणखी दोन गोष्टी सांगतो. टाचेच्या वरची कंडरा दोन्ही पायांत जाड, गाठाळ लागली तर लगेच कोलेस्टेरॉल तपासा. घराण्यातून आलेला तो दोष असेल तर त्या माणसाच्या प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि तिशी-चाळिशीतला हृदयविकार टाळायला वेळ मिळतो. दुसरं, साठी-सत्तरीतल्या पुरुषाच्या दोन्ही हातांना मुंग्या येत असतील आणि चालताना धाप लागत असेल, तर अमायलॉइडचा विचार करा. मनगट कित्येकदा हृदयाच्या काही वर्षं आधी बोलतं.

दुपारच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचे पाय आपण वर्षातून एकदा तपासतो. त्याच दिवशी त्याला नमस्कार करायला सांगावं, खांदा वर उचलून बघावा, आणि काय दिसलं ते केसपेपरवर तारखेसह लिहावं. याला एक मिनिटही लागत नाही. माझ्या दवाखान्यात सोमवारपासून ते सुरू होईल.