पहिल्या नंबराच्या मागे बसलेली मुलं



यंदाच्या व्याख्यानासाठी मंडळाने मला आरोग्यावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. डॉक्टर म्हणून मी पोटदुखी आणि खोकल्यावर रोजच बोलतो. आज मला अशा मुलांबद्दल बोलायचं आहे, ज्यांची बुद्धी असामान्य असते आणि तरीही ती कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

पहिली शंका तुमच्याही मनात येईल. हुशार मुलाची कसली काळजी? ते आपलं आपण पुढे जाईल, काळजी करायची ती मागे राहणाऱ्या मुलाची. हे अर्धंच खरं आहे. मागे पडलेल्या मुलाला हात द्यायलाच हवा. पण हुशार मूल आपोआप वर येतं हा समज आपण सुशिक्षित घरांकडे पाहून करून घेतला आहे. आपल्या घरात पुस्तकं असतात, आजोबा पाढे म्हणून घेतात, आत्या इंग्रजी शिकवते. अशा घरातलं मूल चौथीत पहिलं आलं, तर त्यात त्याचा वाटा किती आणि घराचा किती, हे सांगणं कठीण असतं.

पहिला नंबर आणि असामान्य बुद्धी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिला येणारा विद्यार्थी शिकवलेलं नीट परत देतो. प्रज्ञावान मूल न शिकवलेलं विचारतं. एखाद्या विषयात ते इतकं खोल शिरतं की जेवायचं भान राहत नाही. सोपी वीस गणितं दिली तर ते पाच सोडवून थांबतं; आपण म्हणतो आळशी आहे. वर्गात खिडकीबाहेर बघतं. आपण म्हणतो लक्ष नाही. आपल्यापेक्षा मोठ्यांत रमतं, उलट प्रश्न करतं. आपण म्हणतो आगाऊ आहे. ही लक्षणं दिसली म्हणजे मूल प्रज्ञावान आहेच असं नव्हे. मात्र ती दिसली की शिक्का मारण्याआधी थांबून पाहावं.

शिक्षकांनी नावं सुचवायची आणि त्यांतून निवड करायची, ही जुनी रीत. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ साली अशीच मोठी निवड सुरू केली. शिक्षकांनी सुचवलेल्या मुलांना बुद्धिमापन चाचण्या देऊन त्यांनी दीड हजारांवर मुलं निवडली आणि पुढे अनेक वर्षं त्यांचा मागोवा घेतला. त्या वेळी चाचणी देऊनही निवड न झालेल्यांत दोन मुलं होती : विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चाळणी कितीही बारीक असली तरी तिला भोकं असतातच.

अलीकडचं उदाहरण फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड परगण्याचं आहे. तिथे आधी शिक्षकांनी किंवा पालकांनी शिफारस केली तरच मुलाची तपासणी होई. २००५ च्या सुमारास त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांना एक चाचणी दिली. तिच्यात शब्दांपेक्षा आकृत्यांवर भर होता. परिणाम असा झाला की गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि घरी स्पॅनिश बोलणारी कितीतरी मुलं प्रथमच पुढे आली. ही मुलं आधीही त्याच शाळांत होती. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बेळगाव-निपाणीच्या मुलाला शाळेत कन्नड, बडोद्याच्या मुलाला गुजराती, हैदराबादच्या मुलाला तेलुगू किंवा इंग्रजी. या भाषा मुलांनी उत्तम शिकाव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न पहिल्या चार-पाच वर्षांचा आहे. त्या काळात मूल विचार घरच्या भाषेत करतं आणि परीक्षा शाळेच्या भाषेत देतं. मग भाषेची अडखळ बुद्धीच्या खात्यावर मांडली जाते. मराठी शाळेत बसलेल्या कन्नड किंवा तेलुगू घरच्या मुलाच्या बाबतीतही हेच होतं.

माझ्या दवाखान्यात निपाणीजवळच्या एका खेड्यातून एक आई चौथीतल्या मुलीला घेऊन आली. तक्रार पोटदुखीची. सोमवार ते शनिवार सकाळी दुखायचं, रविवारी नाही. आई विड्या वळते. मुलगी कन्नड शाळेत, घरी मराठी. गणितात कच्ची, असं प्रगतिपुस्तकात लिहिलेलं. बोलता बोलता आई म्हणाली, "डॉक्टर, आठवड्याचा हिशेब मात्र हीच करते. छाट आणि उचल वजा जाऊन हातात काय पडणार, ते कारकुनाच्या आधी सांगते."

मी हिशेबाला सोपा म्हणून हजाराला दोनशेचा दर धरला आणि तिला विचारलं, सहा हजार तीनशे पंचवीस विड्यांचे किती? तिने कागद घेतला नाही. म्हणाली, "एका बंडलात पंचवीस. हजारात चाळीस बंडलं, म्हणून बंडलाला पाच रुपये. दोनशे त्रेपन्न बंडलं होतात. बाराशे पासष्ट." ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. शाळेतलं शाब्दिक उदाहरण तिला वाचताच येत नव्हतं, म्हणून ती गणितात कच्ची!

तिच्या शिक्षकांना मी भेटलो. भले गृहस्थ. एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळत होते. त्यांनी तिला उदाहरणं तोंडी घालायला सुरुवात केली आणि महिनाभरात मला निरोप पाठवला की ही पोरगी पुढच्या वर्गाची गणितं करते आहे. पोटदुखीही हळूहळू गेली. त्याचं श्रेय माझ्या गोळ्यांना द्यायला मी तयार नाही.

पुढच्या वर्षी तिने नवोदयची परीक्षा दिली. निवड झाली नाही. पण एका निवृत्त शिक्षिकेने तिला आठवड्यातून दोन दिवस घरी बोलावलं. एक दिवस गणित, एक दिवस कन्नड वाचन. आज ती आठवीत आहे.

इथे डॉक्टर म्हणून दोन शब्द. स्मरणशक्तीचं औषध द्या, असं सांगत पालक येतात. बुद्धी वाढवणारं औषध माझ्या पेटीत नाही. असल्याचा दावा कुणी करत असेल तर सावध राहा. मात्र मूल मागे पडतंय असं ठरवण्याआधी त्याचे डोळे तपासा, कान तपासा, रक्तातलं हिमोग्लोबिन पाहा. फळा न दिसणारं मूल मंद ठरलेलं मी पाहिलं आहे.

अशा मुलांसाठी वाटा आहेत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयं निघाली. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा असते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. ही परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते. ते वर्ष चुकलं की सहावीची ती दारं बंद. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. विड्या वळणाऱ्या घरात मुलीची शाळा चालू राहणार की थांबणार, हे एवढ्या रकमेवरही ठरू शकतं.

पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली. आपल्याला तशी शाळा काढायची नाही. पण शोध घेण्याची परंपरा आपल्या घरचीच आहे. कुंभोजला १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांना वसतिगृहांत एकत्र आणलं. १८७५ साली कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा त्याचं शिक्षण झालेलं नव्हतं. त्या दिवशी वाचन-लेखनाची परीक्षा घेतली असती तर तो नापास झाला असता. त्याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.

आपण काय करू शकतो? मला तीन गोष्टी सुचतात. शाळांची परवानगी घेऊन आपल्या परिसरातल्या चौथीच्या प्रत्येक मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत अर्धा तास बोलायचं. निवडक मुलांशी नव्हे, प्रत्येकाशी. तोंडी हिशेब, आकृत्यांची कोडी, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणं, एवढं पुरे. दुसरं, वाचनालयाची मागची खोली शनिवारी दुपारी या मुलांना द्यायची. तिथे शिकवणी नको. अवघड कोडी, पुस्तकं आणि त्यांच्या प्रश्नांना कंटाळणार नाही असं एक मोठं माणूस हवं. तिसरं, अर्ज भरणं, दाखले काढणं, परीक्षेच्या गावी नेऊन आणणं. निवृत्त मंडळींना हे सहज जमेल.

एक पथ्य मात्र पाळावं लागेल. यांतल्या कुणालाही व्यासपीठावर उभं करून सत्कार करायचा नाही, वर्तमानपत्रात फोटो द्यायचा नाही. दहा वर्षांच्या मुलाला खेळू द्या, चुकू द्या, एखाद्या परीक्षेत नापासही होऊ द्या. आणि नापास झालं तरी शनिवारची खोली त्याला उघडी राहू द्या.

नवोदयचे अर्ज दरवर्षी निघतात. या वर्षी पाचवीत असलेलं, अर्ज न भरलेलं एक तरी मूल तुमच्या गल्लीत, तुमच्या कामवालीच्या किंवा भाजीवाल्याच्या घरी असेल. आज घरी जाताना त्याची चौकशी करा, एवढीच विनंती आहे.